टायटॅनियमचा सायलेन्सर घालावा काय? गाडी हलकी करायची आहे, गाव उठवायचं नाही

चोर्ला_रविवार · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, गेल्या दिवाळीला सेकंडहँड गाडी घेतली. दोन सीटची, इंजिन सीटच्या मागं, चार सिलिंडर, दोन लिटर टर्बो, ३०० च्या आसपास हॉर्सपॉवर, कागदावर वजन १,३५० किलो. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण बेळगावच्या टिळकवाडीत तसली एकच आहे आणि बाबांचे दोस्त हे सगळं वाचतात.

रविवारी पहाटे पाचला निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटापर्यंत जायचं, चहा मारायचा आणि आठच्या आत घरी. गाडीचा वापर एवढाच. आता वजन कमी करायचं डोक्यात बसलंय, आणि सुरुवात सायलेन्सरपासून करायची आहे, कारण तो मागच्या चाकांच्याही मागं लोंबकळतो. तीन पर्याय दिसतात:

युरोपातल्या नामांकित कंपनीचा टायटॅनियमचा मागचा भाग. ब्रोशर म्हणतं, १४ किलो वाचतील. कस्टम्स, जीएसटी धरून कोटेशन पाच लाखांच्या वर गेलंय.

तैवानचा व्हॉल्ववाला स्टेनलेसचा सेट. त्याच्या निम्म्यात.

उद्यमबागेत कुणाकडून तरी ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये करून घेणं. किंमत बोलायला अजून गेलो नाही.

मला आवाज नको, हलकेपणा हवा. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

पुंगळीबहाद्दर · शनिवार, रात्री ११:१५

भावा, "आवाज नको" म्हणून सुरुवात सगळेच करतात. मीबी केलती.

माझी हॅचबॅक टर्बो. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात (नाव घेत नाही, माणूस अजून समोर भेटतो) तीन इंची सरळ नळी घातली, मधला डबा काढून टाकला. पहिला आठवडा मजा. मग पुण्याला गेलो. हत्तरगी टोल ओलांडला आणि १०० च्या स्पीडला २,६०० आरपीएमवर डोक्यात जी घुमघुम सुरू झाली, ती सातारा येईपर्यंत. बायको कराडात उतरून एसटीनं येते म्हणाली. विनोद नव्हे, पर्स उचलली होती तिनं.

वर आणि, ३०४ चे पैसे घेऊन ४०९ जातीचं स्वस्तातलं स्टेनलेस घातलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात जोडावर तांबूस झालं. फ्रिजवरचं चुंबक नेऊन लावलं तर टक्कन चिकटलं! ३०४ ला चुंबक जवळजवळ धरतच नाही. तू कुठंबी कर, पण खिशात चुंबक घेऊन जा.

निपाणीचा_तात्या · रविवार, सकाळी ७:०५

वाचवायचेत किती? १४ किलो. टाकीत पेट्रोल अर्धं भरायचं. ५० लिटरचं वजन ३७ किलो होतं, म्हणजे अर्ध्या टाकीत १८ किलो फुकटात गेले. अजून हवे तर बेळगावचा गोड कुंदा खाणं सोडून.

पाच लाखात आमच्याकडे अजून ट्रॅक्टरची ट्रॉली येते बाबा.

चोर्ला_रविवार · रविवार, सकाळी ९:२०

तात्या, कुंद्यावर बोलायचं नाही. अर्धी टाकी तर आहेच, चोर्ल्याच्या पुढं जातोच कुठं मी.

हत्तरगी_टिग · रविवार, दुपारी १२:५०

मी हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये कामाला आहे, टायटॅनियम रोज हातात असतं. कंपनीचं काही लिहिता येत नाही, धातूचं लिहितो.

टायटॅनियमची घनता ४.५, स्टेनलेसची ८ च्या जवळ. सगळी जाहिरात ह्या दोन आकड्यांवर उभी असते. आता तुमच्या गाडीला लावून बघा. अडीच इंची नळी, म्हणजे ६३.५ मिमी, दीड मिमी जाडीच्या स्टेनलेसमध्ये मीटरला २.३ किलो भरते. तीच नळी एक मिमी टायटॅनियममध्ये ९०० ग्रॅमच्याही खाली. मीटरमागं सव्वा-दीड किलोचा फरक, मोठाच आहे. पण इंजिन मागं असलेल्या गाडीत नळी असते किती? दीड मीटर धरा. दोन किलो वाचले. मग ब्रोशरमधले बाकीचे बारा कुठून आले? डब्यातून. डबा लहान केला, आतले पडदे कमी केले, दुहेरी पत्र्याचा एकेरी केला. म्हणजे धातू बदलल्यामुळं थोडं, आणि सायलेन्सरमधला सायलेन्सर काढल्यामुळं जास्त. तुम्हाला आवाज नको असेल तर हा हिशोब आधी मांडा.

दुसरं, उष्णता. पुढं इंजिन असलेल्या गाडीत मागच्या डब्यापर्यंत येताना धूर बराच निवतो. तुमच्यात टर्बो, कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि डबा हातभर अंतरात. साधं शुद्ध टायटॅनियम, ज्याला आम्ही ग्रेड २ म्हणतो, ते ३००-४०० अंशांनाच आपली निम्म्याहून जास्त ताकद घालवून बसतं. ६०० च्या वर हवेतला ऑक्सिजन शोषायला लागतं, मग ठिसूळ होतं. म्हणून चांगल्या कंपन्या मिश्रधातू वापरतात, काही जण स्वतः ओततात. स्लोव्हेनियाच्या अक्रापोविचची तर टायटॅनियमची स्वतःची फाउंड्री आहे. पैसे त्याचे जातात, नुसत्या शिक्क्याचे नाही.

आणि कुणी "टायटॅनियम मी इथंच वेल्ड करून देतो" म्हणाला तर जोड बघायला मागा. नळीच्या आत-बाहेर आर्गन वायू असावा लागतो, आणि जोड गार होईपर्यंत तो हलवायचा नाही. जोड चांदीसारखा किंवा फिकट पिवळसर असेल तर चांगला. इन्स्टाग्रामवर ते मोरपिशी जोड दाखवतात ना, त्यांना दोन हजार लाइक मिळतात आणि आमच्याकडे इन्स्पेक्शनला तोच पीस बाजूला ठेवतात. पांढरी भुकटी दिसली तर तिथनं निघाच. (टोकाला गाडी चालून येतो तो निळा रंग वेगळा. तो वरचा पातळ थर असतो, त्याचं भय नाही.)

उद्यमबाग_फिटर · रविवार, दुपारी ३:३०

हत्तरगीवाले बरोबर लिहिलेत. टायटॅनियम मी करत नाही, खोटं कशाला बोलू. स्टेनलेस करतो.

३०४ मध्ये एक मिमी जाडीची नळी घेतली तर तीच अडीच इंची मीटरला दीड किलो येते. म्हणजे टायटॅनियमच्या अर्धी बचत, किमतीच्या किरकोळ भागात. पण एक मिमीला टिग वेल्डिंग मारायला हात लागतो. आतून आर्गन सोडला नाही तर मुळाशी साखर धरते, उसाची नव्हे, दाणेदार काळी. बाहेरून जोड सुंदर दिसतो आणि सहा महिन्यांत तिथंच चीर. पाहुण्याची बुलेट असली तरी मी आर्गन सोडल्याशिवाय करत नाही.

अजून एक कुणी बघत नाही ते सांगतो. तापल्यावर नळी वाढते. दीड मीटर स्टेनलेस ४०० अंश तापलं की सेंटिमीटरभर लांब होतं. टायटॅनियम साधारण निम्मं. म्हणून रबर हँगर आणि बेलो, म्हणजे लवचिक जोड, लागतात. काही जण खडखड नको म्हणून सगळं घट्ट वेल्ड करून टाकतात, मग फ्लँज (जोडाची चकती) फाटतो नाही तर बंपरचं प्लास्टिक वितळतं. हीट शील्ड काढून "हे पण वजन वाचलं" म्हणणारे गिऱ्हाईक आलेत माझ्याकडे. शील्ड अर्धा किलो, बंपर किती हजार ते शोरूमला विचारा.

खानापूरची · रविवार, संध्याकाळी ६:१०

मी ध्वनीशास्त्र शिकवते, गाडी माझी साधी सेदान आहे. पुंगळीबहाद्दरांच्या घुमघुमीचं गणित देते.

चार सिलिंडर, फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या, एका फेरीत दोन सिलिंडर पेटतात. म्हणून आरपीएमला ३० नं भागा, ती मुख्य वारंवारता. २,६०० ला ८७ हर्ट्झच्या आसपास. गाडीची केबिन ही एक बंद पेटी, आणि एवढ्या खालच्या आवाजाला ती साथ देते. डेसिबल मीटरवर हा आवाज फार मोठा दिसत नाही, कारण नेहमीच्या मापनात खालचे सूर कमी मोजले जातात. कान मात्र तासाभरात थकतो. म्हणून दारात उभं राहून "आवाज बरा आहे" ठरवू नका. हायवेला नेऊन तुमच्या रोजच्या वेगाला अर्धा तास बसा.

यावर उपाय असतो. मुख्य नळीला एक बंद टोकाची नळी काटकोनात जोडतात, लांबी त्या सुराच्या लहरीच्या पाव. १०० हर्ट्झसाठी, आतला वायू ३०० अंशांच्या आसपास धरला तर, १ मीटर २० सेंटिमीटर. पण एवढी नळी मागं इंजिन असलेल्या गाडीत ठेवणार कुठं? आणि ठेवली तर तिचंही वजन आलंच.

मुद्दा हत्तरगीवाल्यांचाच आहे. खालचा सूर दाबायला जागा लागते, म्हणजे डब्याचं आकारमान. हलका, लहान आणि शांत असा डबा मिळत नाही, तिन्हीतलं काहीतरी सोडावं लागतं. व्हॉल्व हा मधला मार्ग: बंद असताना धूर लांबच्या वाटेनं जातो, उघडला की सरळ. पण व्हॉल्व, मोटर, दोन वाटा, सगळ्यांचं वजन असतं. चोर्ला_रविवार, तुम्हाला आवाज नकोच असेल तर तैवानचा व्हॉल्व कशाला?

पुंगळीबहाद्दर · रविवार, संध्याकाळी ६:२५

ताई, कारण प्रत्येकाला "थोडासा" हवा असतो. 😄

चोर्ला_रविवार · रविवार, रात्री ८:००

पकडलं ताईंनी. थोडासा हवा आहे. फक्त बोगद्यात.

म्हापसेकर · रविवार, रात्री ८:४०

चोर्ल्याच्या वाटेर बोगदो खंय आसा रे?

बरं, मराठीत लिहितो. आमच्या बाजूनंही रविवारी गाड्या वर येतात. त्या रस्त्याला गावं अगदी अंगाला लागून आहेत, पहाटे साडेपाचला म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली असतात. मागच्या पावसाळ्याआधी एक टोळकं फटाके फोडत, म्हणजे सायलेन्सरमधून, गेलं. पुढच्या रविवारी लोकांनी आमच्या सगळ्यांच्याच गाड्या थांबवल्या. माझी अगदी कंपनीतून आली तशी होती, तरी वीस मिनिटं उभा होतो.

काळाकोट_चिकोडी · रविवार, रात्री १०:३०

कायद्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. फुकट सल्ला आहे, तेवढ्याच किमतीचा धरा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडी मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. मालकानं परवानगीबाहेर बदल केला, सुटा भाग बसवूनसुद्धा, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं कलम १९०(२) वेगळं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने जातं.

"आरसीवर सायलेन्सर लिहिलेलाच नसतो, मग विसंगत कसा?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतो. कोर्टात वाद घालायला छान आहे. रात्री अकराला कोगनोळी नाक्यावर घालायला छान नाही.

दुसरा गैरसमज, ई-मार्क. युरोपात बदली सायलेन्सरसाठी वेगळा नियम आहे, त्यात पास झाला की तो शिक्का मिळतो. आवाज मर्यादेत आहे एवढं त्यातून कळतं, म्हणून शिक्का नसलेल्यापेक्षा असलेला केव्हाही बरा. पण तो शिक्का म्हणजे आपल्याकडची परवानगी नव्हे. आणि विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकतोच.

कॅट काढायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्यावर चर्चाही नको. धूर, पीयूसी, सगळंच अंगावर येतं.

उद्यमबाग_फिटर · सोमवार, सकाळी ८:५०

कॅट काढला की चेक इंजिन पेटतो. मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅटच्या नंतर बसवलेला असतो, कॅट काम करत नाही असा पी०४२० कोड येतो. मग सेन्सरला नळीतून लांब काढायचे जुगाड करतात. मी करत नाही. टर्बो गाडीला कॅटच्या नंतरचं कितीबी मोकळं केलं तरी पॉवर फारशी वाढत नाही. गळा टर्बोजवळ असतो.

हत्तरगी_टिग · सोमवार, सकाळी ९:३०

आधी वजन करा हो. काढून काट्यावर ठेवा. सगळे ब्रोशरच्या आकड्यावर भांडायलेत.

चोर्ला_रविवार · गुरुवार, रात्री ९:४५

केलं वजन!

उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या रॅम्पवर काल दुपारी काढला. बोल्ट सुटायला दोन तास, त्यातला एक बोल्ट तुटूनच. घरच्या बाथरूम काट्यावर डबा मावेना, म्हणून गोणपाटात गुंडाळून रविवार पेठेत ओळखीच्या कांदा-बटाटा व्यापाऱ्याकडे नेला. हमाल बघतच राहिले. डबा, दोन टोकं, क्लॅम्प, ब्रॅकेट मिळून २१ किलो ६०० ग्रॅम.

मग हलवला तर आत डुबुक. उभा केला, टोकातून अर्धा लिटरच्या वर काळं पाणी आलं. परत ठेवला: २१ किलो झाला. म्हणजे एक रुपया न घालता ६०० ग्रॅम कमी!

आता ब्रोशर. टायटॅनियमच्या सेटचं वजन ११ किलो ४०० लिहिलंय. म्हणजे बचत ९ किलो ६००. मग १४ कुठून? कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं की तुलना कारखान्यातल्या व्हॉल्ववाल्या स्पोर्ट सायलेन्सरशी केली आहे, जो ऑप्शन म्हणून मिळायचा आणि जास्त जड होता. माझ्या गाडीत साधाच आहे. खाली बारीक अक्षरात एक फुली होती, ती मीच वाचली नव्हती.

म्हणजे साडेनऊ किलोसाठी पाच लाख. किलोला पन्नास हजारांच्या वर. कांदेवाल्याला सांगितलं तर तो हसलाच नाही, काळजीनं बघत राहिला.

खानापूरची · गुरुवार, रात्री १०:०५

पाणी येणारच. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. गाडी रोज चार किलोमीटर गल्लीत फिरवून बंद केली तर डबा पुरता तापत नाही आणि ती वाफ आतच निवते. चोर्ल्यापर्यंत नेली की सुकतो. तुम्ही मधल्या दिवसांत फक्त दाखवायला बाहेर काढता काय?

चोर्ला_रविवार · गुरुवार, रात्री १०:१२

आरपीडी क्रॉसपर्यंत. दूध आणायला.

हत्तरगी_टिग · गुरुवार, रात्री १०:४०

आता साडेनऊचा उपयोग काय तोही मांडूया, म्हणजे निर्णय तुमचा. ३०० हॉर्सपॉवर आणि १,३५० किलोत १० किलो कमी झाले तर ते दोन-सव्वादोन हॉर्सपॉवर वाढवल्यासारखं. अंगाला कळणार नाही. जागेचा फायदा मात्र खरा आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, अडीच मीटर आणि डबा मागच्या अ‍ॅक्सलच्या ६० सेंटिमीटर मागं धरा. तिथले १० किलो काढले की मागच्या चाकांवरचे १२.४ कमी होतात आणि पुढच्यांवर २.४ वाढतात. तरफ आहे ती. शेपूट हलकी झाली की घाटातल्या एस वळणात गाडी दिशा बदलताना कमी रेंगाळते. हे कळेल म्हणतात, मला कळेल असं वाटत नाही. तात्यांना डिकीत बसवून आणि उतरवून बघा.

निपाणीचा_तात्या · शुक्रवार, सकाळी ६:५०

ह्या गाडीला मागं डिकी असते हे तरी नशीब.

उद्यमबाग_फिटर · शुक्रवार, सकाळी ९:१५

मी मधला हिशोब देतो. एक मिमी ३०४ मध्ये, मूळ फ्लँजला बोल्टनं बसेल असा, एकच मध्यम डबा, मूळ हँगर, मूळ शील्ड. साडेचौदा किलोच्या आसपास येईल. साडेसहा वाचले. आवाज मूळपेक्षा वाढणारच, कमी होईल म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि मूळ डबा कापायचा नाही, माळ्यावर ठेवायचा. गाडी विकताना आधी तोच विचारतात.

काळाकोट_चिकोडी · शुक्रवार, सकाळी ११:००

बोल्टनं बसवला काय, वेल्ड केला काय, रस्त्यावर तो बदलच. रेसच्या ट्रॅकवर काय घालता ते तुमचं तुम्ही. चेन्नईला नाही तर कोइमतूरला जाऊन घाला, परतताना मूळ बसवा.

पुंगळीबहाद्दर · शुक्रवार, दुपारी १:४०

मूळ बसवायला दोन तास आणि एक तुटका बोल्ट, वाचलं नाही काय वकीलसाहेब?

चोर्ला_रविवार · रविवार, सकाळी ११:३०

ठरलं. टायटॅनियमवाल्यांना "नको" म्हणून कळवलं. तैवानचाही नाही, ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ डबा परत चढवला. टायर सहा वर्षांचे निघाले, बाजूवर लिहिलेला आठवडा आणि साल आत्ताच पहिल्यांदा वाचलं, तर आधी तेच. उरलेल्यात कोइमतूरला एक ट्रॅक डे. फिटर अण्णा, एक मिमीचं तेव्हा बोलू.

आज कणकुंबीपर्यंत जाऊन आलो. धुकं दाट, उसाच्या ट्रॉल्या, ८० च्या वर गेलोच नाही. म्हापसेकर, ओट्यावरच्या एका आजीनं हात केला.

आणि हो, बाबांना कळलं. मॉडेल लपवून काय उपयोग, कांदेवाल्यानंच सांगितलं, "तुमचा पोरगा सायलेन्सर जोखून घेऊन गेला." काल रात्री जेवताना बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताकाचा पेला खाली ठेवून एवढंच विचारलं, "बसवताना गॅस्केट नवी घातलीस का?"

उद्यमबाग_फिटर · रविवार, दुपारी १२:०५

घातलीस का?

चोर्ला_रविवार · रविवार, दुपारी १२:२०

उद्या सकाळी येतो.